कंपनीचा टाकू का बाजारातला?

मेस्त्रींनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो २०१८ च्या दिवाळीनंतर. माझ्या वडिलांची, आबांची, वॅगन आर कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मेस्त्रींच्या गॅरेजात जॅकवर चढवलेली होती आणि पुढच्या चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दोन्ही लोअर आर्म गेले होते. मी लगेच भाव विचारला. कार कंपनीच्या डब्यातले दोन्ही मिळून तीन हजार, बाजारातले बाराशे. गाडी २००७ ची, म्हणजे तेव्हाच अकरा वर्षांची. घरात सगळे म्हणत होते, आता हिच्यावर किती घालायचे, दोन-चार वर्षांत काढायचीच आहे. मी म्हटलं, बाजारातले टाका.

जूनमध्ये आम्ही वैभववाडीला निघालो. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाट उतरताना डाव्या चाकातून खटखट सुरू झाली. वळणावर स्टिअरिंग किंचित ओढत होतं. घाट संपेपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून उतरले. आबा शेजारी बसले होते, ते एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त दडपण आलं. खाली आल्यावर चाक वळवून बघितलं, तर आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या टायरची आतली कड घासून तारा दिसायला लागल्या होत्या.

परत आल्यावर मेस्त्रींनी आर्म काढून माझ्या हातात दिला. सांध्यातल्या बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटून फाटलं होतं. आर्म चाकाला जिथे जोडतो त्या बॉल जॉइंटची पिन नवी असताना हाताने हलवायला चांगला जोर लागतो. ही पिन घंटेतल्या लोलकासारखी डुलत होती. वरच्या रबरी टोपीला चीर पडून आत पाणी आणि माती गेली होती, ग्रीसचा काळा चिखल झाला होता. आर्मवर कुठेही नाव नव्हतं, नंबर नव्हता. कोणी बनवला, कुठे बनवला, काही नाही.

नवा आर्म, नवा टायर, दुसऱ्यांदा मजुरी, दुसऱ्यांदा अलाइनमेंट. वाचवलेले अठराशे एकट्या टायरनेच खाल्ले. पण मला पैशापेक्षा दुसरी गोष्ट लागली. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. दिवसभर बिडाचे पार्ट तपासणं, नापास झालेले फोडून परत भट्टीत पाठवणं हेच माझं काम. कोल्हापुरातल्या फाउंड्र्यांचा बराचसा माल गाड्यांसाठीच जातो. बिननावाचा पार्ट आमच्या गेटमधून आत आला असता तर मी तो टेबलावरही ठेवू दिला नसता. आणि माझ्या वडिलांच्या गाडीखाली तो मीच लावून घेतला होता.

तेव्हापासून हा प्रश्न आला की मी आधी जुना पार्ट मागते.

याचा खरा कस लागला २०२२ मध्ये. जुलैत गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे चालवायची तर आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. त्याचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. त्याच वर्षी १ एप्रिलपासून कारच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. वर हरित कर वेगळा. म्हणजे तपासणीत नापास होऊन पुन्हा फेऱ्या मारायची माझी तयारी नव्हती.

आधी मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून अंदाजपत्रक घेतलं. बेचाळीस हजार. गाडी विकायला काढली असती तर साठ-सत्तर हजार आले असते. त्यांची काही चूक म्हणता येणार नाही, यादीतला प्रत्येक पार्ट कंपनीचा आणि दर छापील होता. तेव्हा बहुतेक स्पेअर पार्टवर जीएसटीही अठ्ठावीस टक्के होता. सगळ्यांना अठरा टक्के झाला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. ती यादी घेऊन मी मेस्त्रींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाले, "ताई, कामं बरोबर काढल्यात. पण समदंच कंपनीचं कशाला? काही ठिकाणी डबा बदलला तर चालतंय, काही ठिकाणी न्हाई चालत. बसून बघूया."

मग एका रविवारी आम्ही खरंच बसलो. गाडीखालून काढलेला एकेक जुना पार्ट मेस्त्रींचा पोरगा रॉकेलमध्ये धुऊन फरशीवर मांडत होता आणि मी मोबाईलच्या उजेडात त्यावरची अक्षरं वाचत होते. कार कंपनी गाडीतले बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. चिंचवडला एसकेएफची बेअरिंग बनतात, चाकणला आणि नाशिकला गॅब्रिएलचे शॉकअप, नाशकातच बॉशचे इंजेक्टर, तर स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे पार्ट म्हटलं की चेन्नईकडच्या राणे आणि ब्रेक्स इंडिया ही नावं येतात. असे कारखाने कार कंपनीला माल देतात आणि बऱ्याचदा तोच प्रकार स्वतःच्या नावाच्या डब्यात घालून बाजारातही विकतात. आपल्या गाडीला मूळ कोणाचा पार्ट होता हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. पंधरा वर्षं कोणी हात न लावलेला पार्ट असेल तर त्यावर बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण उठवलेली असते. चिखल काढायचा आणि वाचायचं.

आमच्या क्लचच्या प्रेशर प्लेटवर असं नाव स्पष्ट सापडलं. त्याच नावाच्या डब्यातला क्लच सेट शाहूपुरीतल्या दुकानात कंपनीच्या डब्यापेक्षा सातशे रुपयांनी स्वस्त होता. तो घेतला. स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉड एंडचंही तसंच. शॉकअप पुढचे दोन बदलले, तेही बनवणाऱ्याच्या डब्यातले. यात मला क्षणभरही शंका वाटली नाही.

मागच्या ब्रेक ड्रमपाशी मात्र आम्ही अडकलो. जुने ड्रम याआधी दोनदा लेथवर घासून झाले होते. ड्रमचा आतला व्यास जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा ड्रमवरच उठवलेला असतो, आणि आमचे त्याच्या पुढे गेले होते. कंपनीचे ड्रम तेव्हा स्टॉकमध्ये नव्हते. ऑर्डर टाकली तर पंधरा दिवस, कदाचित जास्त. वॅगन आरचं नवं मॉडेल २०१० मध्येच आलं.  त्यामुळे जुन्या मॉडेलचा माल दुकानात कमीच दिसतो.

दुकानात दोन पर्याय होते. एक नावाजलेल्या ब्रेक कंपनीच्या डब्यातला, साडेदहाशेचा. दुसरा साध्या खोक्यातला, साडेसहाशेचा. दुकानदार म्हणाले, "मॅडम, ड्रम म्हणजे बीडच की. त्यात काय फरक असणार?"

बिडाबद्दल मला कोणी असं म्हणावं आणि मी गप्प बसावं हे शक्य नव्हतं. मी दोन्हींतला एकेक विकत घेतला आणि सोमवारी कारखान्यात घेऊन गेले. मॅनेजरसाहेबांना विचारून, जेवणाच्या सुट्टीत.

आधी वजन केलं. साधा ड्रम पावणेचारशे ग्रॅमनी हलका भरला. कॅलिपरने बघितलं तर त्याची भिंत पातळ होती, आणि तीही सगळीकडे सारखी नव्हती, एका बाजूला दीड मिलिमीटरने कमी. साचा जुळवताना गाभा, म्हणजे आतली पोकळी राखणारा भाग, सरकला की असं होतं, आमच्याकडे असा माल पहिल्याच टेबलावर बाजूला काढतात. मग दोन्ही ड्रम लेथवर चढवून गोलाईतला फरक काट्यावर दाखवणारं डायल गेज लावलं. डब्यातला ड्रम फिरवला तेव्हा काटा जेमतेम तीन-चार शतांश मिलिमीटर हलला. साधा ड्रम अठरा शतांश. डोळ्याला हे कधीच दिसणार नाही. पण ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडतं ते यामुळेच.

शेवटी कडकपणा तपासला. ड्रमच्या सपाट तोंडावर चार ठिकाणी ग्राइंडरने जागा साफ केल्या आणि ब्रिनेल मशीनवर पाच मिलिमीटरचा गोळा साडेसातशे किलोच्या भाराने दाबला. आकडा जास्त म्हणजे बीड जास्त कडक. डब्यातल्या ड्रमचे चारही आकडे दोनशे ते दोनशे दहाच्या आत. साध्या ड्रमवर एका जागी १६३ आला आणि त्याच्या समोरच्या जागी २४१. मला वाटलं माझंच मोजायला चुकलं. आमच्या लॅबमधल्या मुलाला पुन्हा मोजायला लावलं. आकडे तेच.

याचा अर्थ काय होतो ते सांगते, कारण दुकानात कोणी सांगत नाही. ब्रेक ड्रम करड्या बिडाचा असतो. त्या बिडात ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्या असतात. उष्णता त्या वाहून नेतात आणि थरथर गिळतात, म्हणून तर ब्रेकला हे बीड वापरतात. ओतलेला रस एखाद्या ठिकाणी फार पटकन थंड झाला किंवा रसाचं मिश्रणच नीट जमलेलं नसलं, तर तिथे पापुद्र्या नीट तयार होत नाहीत आणि बीड कडक होतं. दुसरीकडे मऊ राहतं. ब्रेकशूने, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्यांनी, घासायला सुरुवात केली की मऊ जागा लवकर झिजते, कडक जागा तशीच उभी राहते. सहा महिन्यांत ड्रम आतून गोल राहत नाही. घाटात तापल्यावर तर विचारूच नका.

त्या ड्रमचे साडेसहाशे रुपये वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही. तो अजून आमच्या लॅबच्या कपाटात आहे. नव्या मुलांना मी तो दाखवते.

मेस्त्रींना आकडे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गेल्या वर्षी एका गाडीला असलेच टाकल्यालं. गिऱ्हाईक तीनदा परत आलं, पेडल हालतंय म्हणून. मी शू बदलले, सिलेंडर बदलला. ड्रमवर संशयच आला न्हाई." एवढ्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस. त्यांच्याकडे डायल गेज नव्हतं, एवढंच.

मात्र डब्यावर नाव आहे म्हणजे निश्चिंत, असंही नाही, आणि हे मला त्याच महिन्यात कळलं. ऑइल बदलायचं होतं. फिल्टर मी ओळखीच्याच्या ओळखीने एका दुकानातून आणला. डबा कार कंपनीचा, होलोग्राम वगैरे सगळं. किंमत छापील किमतीपेक्षा चाळीस टक्के कमी. इथेच शंका यायला हवी होती. सकाळी गाडी चालू केली की ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंद तसाच राहायचा आणि इंजिनमधून कोरडी टकटक यायची. आधी हे नव्हतं.

मेस्त्रींनी तो फिल्टर काढला, अधिकृत काउंटरवरून दुसरा आणला, आणि माझ्या आग्रहावरून खराब निघालेला आणि आधीच्या सर्व्हिसला काढून ठेवलेला खरा जुना, असे दोन्ही व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने कापले. खऱ्यामधला कागद दाट, सारख्या घड्यांचा. दुसऱ्यातल्या घड्या मोजून निम्म्या, दोन ठिकाणी तर एकमेकींना चिकटलेल्या. तोंडाशी एक रबरी झडप असते, इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत खाली जाऊ नये म्हणून. खऱ्याची झडप जुनी होऊनही बोटाने दाबली की मऊ वाटत होती. दुसऱ्याची प्लॅस्टिकच्या झाकणासारखी ताठ. म्हणजे रात्रभरात ऑइल उतरून जायचं आणि सकाळी इंजिन काही क्षण कोरडं फिरायचं. मग डबे शेजारी ठेवले. नकली होलोग्राम नुसता चमकत होता, तिरका केला तरी त्यातलं चित्र बदलत नव्हतं. पार्ट नंबर मात्र अगदी बरोबर छापलेला होता.

साडेसहाशेच्या ड्रमवाल्याने निदान कोणाचं नाव चोरलं नव्हतं. आपण स्वस्तातलं घेतोय हे मला माहीत होतं. हा फिल्टर बनवणाऱ्याने माझा निर्णयच माझ्याकडून काढून घेतला. याची चीड मला आजही येते. त्या दुकानात मी परत गेले, कापलेला फिल्टर काउंटरवर ठेवला. पैसे मुकाट्याने परत मिळाले. शेल्फवर तसलेच अजून वीस-पंचवीस डबे होते.

तेव्हापासून ज्या पार्टची नक्कल सर्रास होते ते मी कंपनीच्याच डब्यात घ्यायचे झाले तर अधिकृत काउंटरवरूनच, पक्कं बिल घेऊन घेते. फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट. बेल्टच्या बाबतीत तर आम्ही चर्चाच केली नाही. मागचा कधी बदलला याची नोंद नव्हती, आणि बेल्ट तुटला की गाडी आहे त्या जागी बंद. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि बेल्टच्या मागची ऑइल सील, सगळं एकदमच. इथे पार्टपेक्षा उघडण्या-जोडण्याची मजुरी जास्त असते. शे-दोनशे वाचवून तीच मजुरी दुसऱ्यांदा देण्यात काय अर्थ?

हेडलाइटचं वेगळंच झालं. काचा पिवळ्या पडल्या होत्या. बाजारातला जोड निम्म्याहून कमी भावात मिळत होता आणि दिसायला चकचकीत. मेस्त्रींनी एक लावून भिंतीवर प्रकाश पाडून दाखवला. उजेड भरपूर, पण सगळा विस्कटलेला, वरची कड कुठे संपते तेच कळेना. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाणार. जुन्या लाइटवर बनवणाऱ्याचं नाव होतं, त्यांचाच जोड पुण्याहून नाना पेठेतून मागवला. चार दिवस लागले.

उलट काही ठिकाणी मी बिनदिक्कत बाजारातलं घेतलं. वायपर, मडफ्लॅप, व्हीलच्या टोप्या, बाहेरचा आरसा. मागच्या दाराचं हँडल तुटलं होतं, त्याला बाजारातलं नवं लावून बघितलं तर दार उघडायला दोन बोटांऐवजी अख्खा हात लागायचा. ते जुन्या गाड्या तोडणाऱ्याकडून मूळ हँडल दीडशे रुपयांत मिळालं. रंग जुळत नाही, आमची गाडी चंदेरी आणि हँडल पांढरं. आबा म्हणाले, राहू दे, गर्दीत लांबून ओळखू येते.

सगळं मिळून सत्तावीस हजारांत बसलं. बेचाळीसचे सत्तावीस झाले ते कुठे कमी प्रतीचा पार्ट टाकून झाले नाहीत, याचं मला फार समाधान आहे. त्यात तो लॅबमधला ड्रमही धरलाय.

पासिंगच्या दिवशी मैदानावर आमच्या पुढे सात गाड्या होत्या. इन्स्पेक्टरांनी चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप जुळवली, लाइट, हॉर्न, इंडिकेटर बघितले आणि मला ब्रेक मारून दाखवायला सांगितलं. गाडी सरळ रेषेत थांबली. पेडल पायाखाली दगडासारखं स्थिर. त्यांनी हँडलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

आता प्रत्येक पार्टच्या डब्याचा पार्ट नंबर असलेला तुकडा कापून मी एका वहीत चिकटवते, शेजारी तारीख आणि किलोमीटर. आबांनी त्या वहीला शाळेतल्या हजेरीपटासारखं तपकिरी कव्हर घातलंय. परवाच मेस्त्रींचा फोन आला. "ताई, वॉटर पंपातून थेंब पडतोय. बदलाय लागणार. कंपनीचा आणू का..."

"जुना काढलात की धुऊन त्यावरच्या नावाचा फोटो पाठवा," मी म्हटलं.

"धुतलाय," ते म्हणाले. "फोटो पाठवलाय, बघा की."